वारसा आणि ऋण : ग्लेन इनिसच्या केल्टिक उत्सवासंबंधी

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याच्या उत्तर भागात न्यू इंग्लंड नावाचे एक विस्तीर्ण पठार आहे. त्या पठारावर, समुद्रसपाटीपासून हजार मीटरांहून अधिक उंचीवर, ग्लेन इनिस हे गाव वसलेले आहे. वस्ती सहा हजारांच्या आसपास. मेंढ्या आणि गुरे ही तेथील जुनी लक्ष्मी. आर्चिबाल्ड क्लून्स इनिस या स्कॉटिश मेजरवरून गावाला नाव मिळाले. त्यातील 'ग्लेन' हा शब्द गेलिक भाषेतला, अर्थ खोरे. या गावात १९९२ पासून मे महिन्याच्या पहिल्या शनिवार-रविवारच्या सुमारास केल्टिक संस्कृतीचा उत्सव भरतो. चामड्याच्या पिशवीत हवा भरून वाजवावयाच्या पाईपवाद्यांची पथके रस्त्याने मिरवतात, चौकड्यांचे किल्ट नेसलेले गृहस्थ झाडाच्या सोटासारखा खांब उचलून पुढे फेकतात, लहान मुली ताठ अंगाने आणि चपळ पायांनी नाचतात. केल्टिक म्हणवणारी राष्ट्रे सहा : स्कॉटलंड, आयर्लंड, वेल्स, मॅन बेट, कॉर्नवॉल आणि ब्रिटनी. त्यांना पाळीपाळीने उत्सवाचा मान दिला जातो.

आमची या उत्सवाशी ओळख कार्यक्रमपत्रिका, चित्रफिती आणि त्या प्रदेशाचा इतिहास यांच्या द्वारा झाली. न्यायालयात असल्या साक्षीस 'ऐकीव' म्हणून बाजूस सारतात. टीकेच्या प्रांतात मात्र निम्म्याहून अधिक निवाडे तिच्यावरच होतात, तेव्हा वाचकांनी आम्हांसही तेवढी सूट द्यावी.

उत्सवाची जागा म्हणजे गावाजवळच्या टेकाडावर उभारलेले पाषाणांचे वर्तुळ. १९८८ साली ऑस्ट्रेलियातील गोऱ्या वसाहतीला दोनशे वर्षे पूर्ण झाली, त्या सुमारास केल्टिक वंशाच्या आद्य वसाहतकारांचे एक राष्ट्रीय स्मारक असावे अशी कल्पना निघाली आणि ते स्मारक आपल्या गावी व्हावे म्हणून ग्लेन इनिसकरांनी खटपट केली. परिसरातलेच ग्रॅनाइट धुंडाळून, पुरुषाच्या दुप्पट उंचीचे सुमारे चाळीस दगड रोवले गेले. मुख्य वर्तुळात चोवीस. दिवसाच्या चोवीस तासांची ती खूण. १ फेब्रुवारी १९९२ रोजी राज्यपालांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. नमुना घेतला तो स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी बेटांवरील 'रिंग ऑफ ब्रॉडगर' या प्राचीन वर्तुळाचा.

आणि येथेच कोणाही चिकित्सक माणसाला पहिली ठेच लागते. ब्रॉडगरचे दगड इसवी सनापूर्वी दोन ते अडीच हजार वर्षांच्या दरम्यानचे. ज्यांना आज केल्टिक भाषा म्हणतात त्या ते उभारणाऱ्यांच्या तोंडी होत्या असे मानण्यास आधार नाही. पुढे ऑर्कनीवर नॉर्वेजियनांचा अंमल बसला, लोक नॉर्न नावाची त्यांचीच बोली बोलू लागले, आणि गेलिक तेथे कधी लोकभाषा झालीच नाही. ही बेटे स्कॉटलंडकडे आली ती तरी कशी? १४६८ साली डेन्मार्क-नॉर्वेच्या राजाने मुलीच्या हुंड्यासाठी ती गहाण टाकली. हुंडा चुकता झाला नाही, गहाण सुटले नाही, आणि सावकाराने मालमत्ता घशात घातली. म्हणजे केल्टिक अभिमानाचा नमुना आणला तो केल्टिक नसलेल्यांच्या बांधकामाचा, आणि तोही एका न फेडलेल्या गहाणातून! वकिलाला असले तपशील सापडले की दिवस बरा जातो.

चिकित्सकाला आणखीही पुष्कळ सापडेल. आखूड किल्ट हा अठराव्या शतकात रॉलिन्सन नावाच्या एका इंग्रज लोखंड-कारखानदाराने आपल्या कामगारांच्या सोयीसाठी काढला, अशी हकीकत सांगितली जाते. वेल्समधील चारणांच्या पाषाण-वर्तुळाचा विधी योलो मोर्गान्नुग या कल्पक गृहस्थाने १७९२ साली लंडनच्या एका टेकडीवर खडे मांडून प्रथम सुरू केला. ग्लेन इनिसच्या वर्तुळाजवळ दगडात रुतवलेली तलवारही आहे. आर्थर राजाच्या कथेतली. ऋतूंचा घोळ तर विचारूच नये. १ फेब्रुवारी आणि १ मे हे आयरिश पंचांगातले मोठे सण : पहिला वसंताच्या चाहुलीचा, दुसरा उन्हाळ्याच्या आरंभाचा. दक्षिण गोलार्धात पहिला ऐन उन्हाळ्यात येतो आणि दुसरा पानगळीत, अंगावर लोकर ओढून घेण्याच्या दिवसांत.

ही सारी यादी वाचून उत्सवाला 'बनावट' ठरवणारे टीकाकार असतात. आम्ही त्यांत नाही. ऋतूंच्या घोळाला हसण्यापूर्वी मेलबर्न-सिडनीच्या आपल्या मंडळींनी जानेवारीच्या रखरखीत उन्हात वाटलेला तिळगूळ आठवावा. स्निग्ध आणि उष्ण पदार्थ थंडीत खावा हे त्यामागचे शास्त्र तेथे उलटे पडते. पण म्हणून त्या तिळगुळाला कोणी खोटा म्हणत नाही. जागेच्या बदलाचेही तेच. कुशस्थळीचा मंगेश सोळाव्या शतकात नदीपार प्रियोळास आला. आज तेथे पालखीला खांदा देणाऱ्याला, 'हे मूळ स्थान नव्हे' असे सांगून पाहा! प्रत्येक परंपरेला पहिला दिवस असतो, आणि त्या दिवशी ती परंपरा नसतेच. ती पहिल्या दिवशी कोणी निर्माण केली यापेक्षा पंचवीस-तीस वर्षे दरसाल पदरमोड करून कोणी चालवली, हा प्रश्न आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. त्या कसोटीला हे लहानसे गाव उतरले आहे.

किंबहुना त्या वर्तुळातली एक कल्पना आम्हांस मनापासून आवडली. अयनदिन दाखवणाऱ्या दगडांखेरीज पाच दगड असे उभे केले आहेत की, त्यांनी दक्षिण दिशेचा तो प्रसिद्ध तारकापुंज सूचित व्हावा. इंग्रज त्याला सदर्न क्रॉस म्हणतात आणि आपले ज्योतिर्विद त्रिशंकू. ब्रॉडगरच्या आकाशात तो उगवतच नाही. पूर्वजांचे आकाश सोडले, नवे अजून आपले झाले नाही, अशा माणसांनी आपल्या वर्तुळात त्रिशंकू कोरावा, हे योजणाऱ्याच्या मनात असो वा नसो, मोठे खरे बोलणे आहे. नमुना जेथे सुटला तेथेच हे काम स्वतंत्र झाले.

मग आमची तक्रार कोणती? ती समजण्यासाठी 'केल्टिक' या शब्दाचा अर्थ थोडा नीट लावावा लागेल. हा शब्द मुळात पोशाखाचा किंवा रक्ताचा नाही. तो भाषांचा आहे. ब्रिटिश बेटांतल्या लोकांना केल्ट म्हणण्याची चाल पडली ती एडवर्ड ल्हुइड या वेल्श पंडिताने १७०७ साली त्यांच्या भाषांचे एकमेकींशी नाते दाखवून दिल्यानंतर. त्या नात्याचा एक धागा आपल्या दारापर्यंत येतो. कलकत्त्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचा उगम एक असावा असे प्रतिपादन केले, तेव्हा त्याच विधानात केल्टिकचेही नाव सावधपणे घेतले होते. जोन्स यांचे वडील वेल्समधल्या अँगलसी बेटाचे. पुढे बोप, झॉइस प्रभृतींनी ती शंका सिद्धान्ताला नेली. आयरिश भाषेत राजाला 'री' म्हणतात, गायीला 'बो', तिनाला 'त्री'. 'राजन्', 'गो', 'त्रि' यांच्याशी असलेले त्यांचे साम्य सांगावयास भाषाशास्त्री नको.

भाषा हेच ज्या संस्कृतीचे लक्षण, तिच्या उत्सवात भाषा कोठे आहे? ती गावातल्या रस्त्यांच्या पाट्यांवर आहे : इंग्रजी नाव आणि सोबत गेलिक. ती गाण्यांच्या ध्रुपदांत आहे, वर्तुळातल्या मधल्या दगडांच्या नावांत आहे. पाटीचे महत्त्व आम्हांस कळत नाही असे कोणी समजू नये. बेळगावकडच्या वाचकांना पाटीवरील अक्षरांसाठी माणसे रस्त्यावर कशी उतरतात हे सांगावयास नको. पण बेळगावात पाटीखाली उभा राहून भाजीचा भाव मराठीत विचारणारा माणूस आहे, म्हणून ती पाटी लढ्याचा विषय होते. ग्लेन इनिसमध्ये पाटी आहे, आणि तिच्याखालचा व्यवहार सगळा इंग्रजीत आहे. पाटीने तेथे भाषेचे काम न करता तोरणाचे काम पत्करले आहे.

एवढ्यावर थांबणारा टीकाकार मात्र अन्याय करील. भाषा ही काही या गावकऱ्यांनी आळसाने गमावलेली वस्तू नाही. ती त्यांच्या पणज्या-खापरपणज्यांच्या तोंडून काढून घेतली गेली, आणि ती कशी गेली हे सांगताना आम्हांस मेंढीकडे वळावे लागते.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलुखातील जमीनदारांच्या ध्यानात आले की, गेलिक बोलणारी कुळे खोऱ्याखोऱ्यांत ठेवण्यापेक्षा तेथे मेंढ्या चारणे अधिक किफायतीचे आहे. सदरलंड परगण्यात कुळे हुसकावण्याचे हे काम विशेष धडाक्याने झाले. १८१४ साली स्ट्रॅथनेव्हर खोऱ्यातील घरे पाडली-जाळली गेली. त्याबद्दल पॅट्रिक सेलर या जमीनदाराच्या कारभाऱ्यावर १८१६ साली इनव्हर्नेस येथे सदोष मनुष्यवध व जाळपोळीचा खटला झाला. ज्यूरीत बहुसंख्य जमीनदारवर्गातले. सेलर निर्दोष सुटला, आणि पुढे स्वतःच मोठा मेंढपाळ-जमीनदार झाला. कुळांना जमिनीवर टिकण्याचा हक्क देणारा कायदा व्हावयास १८८६ साल उजाडावे लागले. तोवर खोरी रिकामी झाली होती. तत्पूर्वी १८७२ च्या शिक्षणविषयक कायद्याने शाळा सक्तीची केली, पण गेलिकसाठी त्यात एक कलमही घातले नाही. २०२२ च्या जनगणनेत स्कॉटलंडमध्ये गेलिक बोलता येणारे सुमारे ७० हजार भरले. मॅन बेटाच्या भाषेचा जन्मापासून ती बोलणारा शेवटचा माणूस, नेड मॅड्रेल, १९७४ साली वारला. त्या भाषेला आता शाळांतून पुन्हा जीव धरवला जात आहे, ही गोष्ट वेगळी.

हुसकावलेल्यांपैकी कित्येक ऑस्ट्रेलियास आले. १८५२ ते १८५७ या काळात एकाच सोसायटीने डोंगराळ मुलुखातील व बेटांवरील सुमारे पाच हजार माणसे तिकडे धाडली. येऊन त्यांतल्या अनेकांनी काय केले? मेंढ्या राखल्या. ज्या जनावराने त्यांची गावे खाल्ली त्याच्याच पाठीमागे काठी घेऊन ते नव्या मुलुखात हिंडू लागले. आणि तो नवा मुलुखही मेंढ्यांसाठीच रिकामा केला जात होता. ग्लेन इनिसची भूमी ङाराबल लोकांची. पठारावर पहिले कळप चढले ते १८३० च्या दशकात. ङाराबलांनाही भाषा होती.

वर्तुळाशेजारी स्कॉटिश कुळाच्या झोपडीची दगडी प्रतिकृती उभी आहे. पाहुणे तेथे बसून चहा घेतात. ती झोपडी बोलू लागली तर एकाच कथेतली दोन प्रकरणे सांगेल असे आम्हांस वाटते. उत्सव मात्र पहिले प्रकरणही अर्धेच वाचतो. जहाजातून उतरलेला कणखर वसाहतकार त्यात आहे. त्याला जहाजात बसवले कोणी, आणि उतरल्यावर त्याला मिळालेली जमीन कोणाची होती, ही दोन्ही पाने चिकटलेली राहतात. सभारंभी त्या भूमीच्या परंपरागत धन्यांचे स्मरण करण्याची रीत ऑस्ट्रेलियात आता सर्वत्र रूढ झाली आहे आणि ती चांगलीच आहे. पण दस्तऐवजाच्या मायन्यात नाव घातले म्हणजे व्यवहार पुरा झाला, असे आमच्या धंद्यात कोणी मानत नाही.

आमच्या धर्मशास्त्रात याला एक नेमका नियम होता. मिताक्षरेप्रमाणे पुत्राला पित्याची मालमत्ता मिळे, तशी पित्याची ऋणेही मिळत. ती फेडणे हे त्याचे धर्मकर्तव्य. इंग्रजी अमदानीतील न्यायालयांनी हा नियम शेकडो निकालांतून घोटला. २००५ च्या हिंदू उत्तराधिकार दुरुस्ती कायद्याने त्यानंतरच्या कर्जांपुरता तो संपला. नियमाला अपवाद होता : 'अव्यावहारिक' ऋण, म्हणजे जुगार-मद्यादी अधर्मासाठी पित्याने केलेले कर्ज, पुत्रावर बंधनकारक नसे. ग्लेन इनिसचा कोणी वकील उभा राहून म्हणेल की, आमच्या पूर्वजांनी कोणाला हुसकावले असेल तर ते कृत्य याच जातीचे. नातवापणतूंना त्याचा दंड कशाला? बचाव चतुर आहे. पण मिळकत पदरात ठेवून फक्त ऋण नाकारावयाचे, आणि वर त्या मिळकतीचा वाढदिवस पाईप वाजवून साजरा करावयाचा, हे अपवादाच्या शब्दांत बसले तरी नियमाच्या पोटात बसत नाही. आणि अभिमान हीही मिळकतच आहे. पणजोबांच्या कष्टांचा अभिमान जो घेतो तो वारस म्हणून घेतो. तोच हिशेबाची वही पुढे येताच परका होऊ शकत नाही.

प्राचीन आयरिश धर्मशास्त्राची याबाबतची तरतूद आमच्या वाचकांना घरचीच वाटेल. ऋणको प्रतिष्ठित असला तर धनको त्याच्या दारात उपाशी बसे. दारात उपाशी माणूस असताना, त्याला कसलीही हमी न देता जो आत जेवला, त्याची पत आणि कायद्यातील प्रतिष्ठा दोन्ही जात. सर हेन्री मेन यांनी, ते स्वतः हिंदुस्थान सरकारचे विधिसदस्य राहिलेले असल्यामुळे, १८७५ च्या आपल्या ग्रंथात या चालीची तुलना सरळ आपल्या 'धरण्या'शी केली. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत कलम ५०८ खाली देवाच्या कोपाचा धाक घालून धरणे धरणाऱ्याचे उदाहरणच दिले होते. दोन टोकांच्या दोन समाजांनी सावकाराला दारात उपाशी बसवले. दोघांचीही समजूत अशी की, आतल्याला घास जाऊ नये. केल्टिक संस्कृती म्हणून जे काही मिरवावयाचे आहे त्यात खांब फेकण्याच्या खेळापेक्षा ही तरतूद आम्हांस अधिक मोलाची वाटते.

ग्लेन इनिसपासून पश्चिमेला, शंभराहून अधिक किलोमीटरांवर, मायॉल क्रीक नावाचा ओढा आहे. १० जून १८३८ रोजी तेथील एका ठाण्यावर विराराय लोकांतील किमान २८ जणांना, बहुतेक बायका, मुले आणि म्हातारी माणसे, दोरीने बांधून नेऊन ठार मारण्यात आले. मारेकरी नाना जातींचे होते. ग्लेन इनिसच्या वाटणीला हे पाप येत नाही, आणि केल्टांच्या माथी तर ते मुळीच मारता येणार नाही. किंबहुना या प्रकरणातला आमचा जिव्हाळ्याचा माणूस केल्ट आहे. जॉन ह्यूबर्ट प्लंकेट हा आयर्लंडच्या रॉसकॉमन परगण्यातला कॅथलिक वकील त्या वेळी वसाहतीचा अ‍ॅटर्नी जनरल होता. त्याने अकरा जणांवर खटला भरला. वसाहतीचे मत सारे आरोपींच्या बाजूस. मुळच्या रहिवाशांना ख्रिस्ती शपथ घेता येत नाही म्हणून त्यांची साक्ष अग्राह्य. ठाण्यावरचा एक कैदी नोकर, जॉर्ज अँडरसन, एवढाच काय तो डोळ्यांनी पाहिलेला बोलका साक्षीदार. ज्यूरीने थोड्याच मिनिटांत अकराही जणांना सोडले. इनव्हर्नेसची आठवण व्हावी तसे. प्लंकेटने हार मानली नाही. दुसऱ्या बळीच्या खुनाचा वेगळा आरोप ठेवून त्याने पंधरवड्यात सात जणांना पुन्हा उभे केले, त्यांना दोषी ठरवून घेतले, आणि १८ डिसेंबर १८३८ रोजी सातही जण फासावर गेले. टोळीत होता असे मानला जाणारा जमीनदाराघरचा एकुलता एक माणूस, जॉन फ्लेमिंग, कधी पकडलाच गेला नाही. आयरिश अभिमानाला एखादा ग्रॅनाइटचा दगड रिकामा हवा असेल तर तो प्लंकेटच्या नावे करावा, अशी आमची विनंती आहे. तलवार काढून ठेवली तर जागा निघेल.

त्या ओढ्यावरही २००० सालच्या जूनपासून एक स्मारक आहे. दरवर्षी जून महिन्यात, म्हणजे ग्लेन इनिसच्या पाईपवाद्यांचा आवाज विरून पाच-सहा आठवडे होतात न होतात तोच, तेथे माणसे जमतात. त्यांत मारल्या गेलेल्यांचे आप्त असतात, मारणाऱ्यांचेही वंशज असतात. स्मारकाच्या स्थापनेच्या वेळी या दोन्ही बाजूंची माणसे एकमेकांपुढे उभी राहिली होती. तेथेही त्याच जातीचा दगड आहे : टेकाडाच्या टोकाशी एक प्रचंड ग्रॅनाइटची शिळा, आणि तिच्याकडे वळत जाणाऱ्या तांबड्या मुरमाच्या पायवाटेवर सात लहान शिळा. पायवाटेने जाणारा प्रत्येक शिळेशी थांबतो, कारण तीवर त्या दिवसाचा वृत्तान्त थोडाथोडा कोरलेला आहे, इंग्रजीत आणि गामिलाराय भाषेत.